घरटे मोडल्यावर

ब्रिटन व युरोपातील झुडपी रानांत ‘लाँग-टेल्ड टिट’ नावाचा एक इवलासा पक्षी राहतो. वजन ७ ते ९ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाऊण तोळा. लांबी सुमारे १४ सेंटीमीटर, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या शेपटीचा.

याचे घरटे हा कारागिरीचा नमुनाच होय. शेवाळ आणि कोळ्याचे तंतू यांची लवचीक पिशवी, बाहेरून दगडफुलाच्या जातीच्या बुरशीवर्गीय पापुद्र्यांचे आच्छादन आणि आत सुमारे १५०० पिसांचे अस्तर. नर-मादी मिळून हे काम करतात; त्याला तीन-तीन आठवडेही लागतात. तरीही बहुतेक घरटी कावळ्याच्या कुळातील पक्षी आणि इतर शत्रू उद्ध्वस्त करतात.

हंगाम शिल्लक असेल तर जोडपे पुन्हा घरटे बांधते. तो सरत आला असेल, तर त्यातील एखादा पक्षी, बहुधा नर, आपल्या आप्ताच्या, पुष्कळदा भावाच्या घरट्याकडे वळतो आणि त्याच्या पिलांना चारा भरवू लागतो. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाचे बेन हॅचवेल व त्यांचे सहकारी १९९४ पासून या पक्ष्यांचा अभ्यास करीत आहेत. आप्तांची ओळख आवाजावरून पटते आणि ती साद पिले घरट्यातच शिकतात, असे त्यातून दिसून आले. अशी मदत लाभलेली पिले पुढील वर्षापर्यंत तग धरण्याची शक्यता अधिक असते.

हिवाळ्यात हेच आप्त थव्याने हिंडतात आणि रात्री फांदीवर एकमेकांना खेटून ओळीने झोपतात. तेथेही टोकाच्या पक्ष्याला थंडी अधिक सोसावी लागते. म्हणून मधल्या जागेसाठी ढकलाढकली होतेच. एकत्र राहणे म्हणजे कुरबूर नसणे नव्हे.

व्यापारी घराण्यांना नफा-तोटा नवा नाही. बँकेच्या सेवेत मी अनेक बुडीत खाती पाहिली. बुडालेल्या रकमेची नोंद खातेवहीत होई. परंतु दुकान बंद पडल्यावर घरात रिकाम्या बसलेल्या भावाच्या अनुभवाची नोंद कोठेच होत नसे. वास्तविक खरे नुकसान तेच होते. भांडवल गेले तरी माल पारखणारी नजर जात नाही. अशा भावाला दयेने दिलेल्या आधारापेक्षा आपल्या पेढीवरील जबाबदारीचे काम अधिक उभारी देते. ते त्याने मागण्यापूर्वीच द्यावे.