पिलाचा पहिला आठवडा

मांसाच्या कोंबड्यांचा विषय निघाला की लोक प्रथम विचारतात, माल किती दिवसांत विकावयास येतो आणि किलोमागे काय सुटते? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर पुष्कळसे पहिल्या सात दिवसांतच ठरून जाते. पारशिवनीसारख्या भातशेतीच्या तालुक्यात जो गृहस्थ कर्ज काढून शेड उभारतो, त्याने हे आधी समजून घेतले पाहिजे.

अंड्यातून पिलू 21 दिवसांनी बाहेर येते. येण्यापूर्वी उरलेला पिवळा बलक ते पोटात ओढून घेते. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते; म्हणूनच पिले पेटीत बसून दाणापाण्यावाचून दूरचा प्रवास करू शकतात. गैरसमज होतो तो येथेच. शिदोरी आहे, मग दाण्याची घाई कशाला, असे वाटते. वस्तुतः या बलकात आईकडून आलेली रोगाशी झुंजणारी द्रव्येही असतात. दाणा लवकर मिळाला की आतडे कामाला लागते आणि बलकही लवकर अंगी लागतो. या आठवड्यात आतड्याची वाढ शरीराहूनही वेगाने होत असते. पिलू उपाशी राहिले तर ती खुंटते आणि मागाहून कितीही चारले तरी ती उणीव सहसा पुरी भरून निघत नाही. म्हणून पेटी उघडताच प्रथम पाणी आणि लगेच कागदावर पसरलेला दाणा, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो.

दुसरी गोष्ट उबेची. पहिले काही दिवस पिलाला स्वतःचे अंग ऊबदार राखता येत नाही. खुडूक कोंबडी पंखाखाली घेऊन जे करते, ते येथे दिव्याने करावयाचे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीवर सुमारे 32 ते 34 अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्यास दोन-तीन अंश कमी करीत जावे. उष्णतामापक हवाच, पण खरा साक्षीदार पिलूच. दिव्याखाली गर्दी झाली तर ऊब कमी. चोच उघडून कडेला पळाली तर जास्त. सारखी विखुरली तर बेताची. आपल्याकडे पौषातल्या रात्री थंडी मारते, तर वैशाखात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा तेच शेड भट्टी होते. दिवा केव्हा लावावा याइतकेच तो केव्हा मालवावा, हेही येथे शिकावे लागते.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. नव्या पिलाची बेंबी पुरती मिटलेली नसते. ओल्या जागेतून रोगजंतू तेथून आत शिरतात. भाताचे तूस आपल्याकडे मुबलक आहे. ते कोरडे, जाड थरात, पिले येण्यापूर्वीच अंथरावे आणि शेड आधी तापवून ठेवावे.

हे सारे साधले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या दिवशी काही पिलांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपावी. शंभरांतील पंचाण्णव भरलेली व मऊ लागली पाहिजेत. कठीण लागली तर पाणी कमी पडते आहे. सातव्या दिवशी तराजू घ्यावा. सुमारे 40 ग्रॅमचे पिलू चौपटीहून अधिक भरले असेल, तर पाया नीट बसला. नसेल, तर दाण्याला दोष देण्यापूर्वी पाणी, ऊब आणि तूस पुन्हा तपासावे, आणि पुढच्या खेपेची तयारी पेटी येण्याच्या आदल्या दिवशीच करावी.