सांधा का बदलत नाही?

गोडादऱ्यातील अनेक मराठी कुटुंबांची गावाकडची वाट उधन्याहून जळगावच्या दिशेने जाते. गाडी स्थानकात शिरताना डब्याला जो आडवा हिसका बसतो, तो सांध्याचा. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळविणारी ही योजना खेळातील आगगाडीतही असते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथे जाऊन आलेली मुले घरी तशीच मांडणी करू पाहतात. मात्र एखादा सांधा अडला की सारा संच 'बिघडला' म्हणून माळ्यावर टाकला जातो. आमच्या मते ही घाई होय. दोष बहुधा लहान असतो. तो शोधण्याची रीत तेवढी हवी.

विजेच्या सांध्याखाली सामान्यतः दोन कॉइल असतात. कळ दाबताच त्यांपैकी एक क्षणभर चुंबक बनते, लोखंडी दांडा ओढते आणि पाती सरकतात. म्हणून प्रथम आवाज ऐकावा.

आवाज मुळीच नसेल, तर वीज पोहोचत नाही किंवा कॉइल जळले आहे. चालू सांध्याच्या तारा तात्पुरत्या या सांध्यास जोडाव्यात. तो हलला, तर दोष कळीत किंवा तारेत. न हलला, तर सांध्यातच. एकाच बाजूस हलत असेल, तर दुसऱ्या बाजूचे कॉइल, तार व कळ तपासावी.

आवाज क्षीण असेल, तर वीज बंद करून पाती बोटाने सरकवून पाहावीत. अडखळली, तर खडीचा कण वा डिंक अडकला आहे. सहज सरकली, तर तार बारीक व लांब आहे किंवा जोड सैल आहे.

सांधा बदलतो, पण इंजिन पुढे थांबते, तेव्हा पाती पाहावीत. पुष्कळ संचांत पुढील रुळांना वीज पात्यांच्या स्पर्शातूनच मिळते. तेथे मळ साचला की ती खुंटते. स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसावे. सॅंडपेपरने घासू नये, कारण चरे पडून मळ अधिक साचतो.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. कळ क्षणभरच दाबावी. दाबून धरल्यास कॉइल जळते. आणि घरच्या विजेला जोडलेला ट्रान्सफॉर्मर मुलांनी कधीही उघडू नये.

दुरुस्तीनंतर प्रत्येक मार्गावरून गाडी फिरवून पाहावी, असे आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. खऱ्या रेल्वेत केवळ आज्ञा दिली म्हणून सिग्नल हिरवा होणे अपेक्षित नसते. पाती योग्य जागी बसल्याची खूण विजेच्या मार्गाने परत यावी लागते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नल मुख्य मार्गाचा होता, सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. पाऊणतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलांतील चुका चौकशीत उघड झाल्या.

घरच्या टेबलावरील चुकीने फार तर एक डबा घसरतो. तारेला हात लावल्यावर ती तपासूनच सोडावयाची, ही सवय तेथेच लागावी. उद्या त्याच हातांवर कोणाचा तरी प्रवास अवलंबून असेल.