जालना मुंबईच्या उत्तरेला, पण मनात?

जालना मुंबईच्या उत्तरेला की दक्षिणेला? नकाशा न बघता सांगा. ‘दक्षिणेला’ असं वाटलं तर नवल नाही. मराठवाडा म्हटला की निजामाचं हैदराबाद आठवतं आणि मुंबईच्या पुढे लगेच गुजरात लागतो. प्रत्यक्षात मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे आणि जालना १९ अंश ५० मिनिटांजवळ. म्हणजे जालनाच ऐंशीहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे.

जगाविषयीची जी माहिती मन स्वतःजवळ बाळगतं आणि वापरतं, तिला मानसिक प्रतिरूप म्हणतात. त्याविषयीचा पहिला गैरसमज असा, की प्रतिरूप म्हणजे डोक्यात टिपलेला फोटो. तसं असतं तर वरच्या प्रश्नाला आपण चुकलो नसतो. शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा कितीदा पाहिलेला असतो! १९७८ मध्ये स्टीव्हन्स आणि कूप या संशोधकांनी अमेरिकेत असेच प्रश्न विचारले. नेवाडा राज्य कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला, म्हणून नेवाडातलं रीनो शहरही सॅन दिएगोच्या पूर्वेला, असं लोकांना वाटलं. खरं तर ते पश्चिमेला आहे. मन गावांना प्रांतांच्या कप्प्यांत ठेवतं आणि दिशा कप्प्यावरून ठरवतं. मध्ये अडथळा असला की अंतरही वाढल्यासारखं वाटतं, हेही प्रयोगांत आढळलं आहे. कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर नवा जालना असलेल्या शहरात हे ताडून पाहण्याजोगं आहे.

चूक होऊ शकते, हीच प्रतिरूपाची खरी ओळख. दोरीवर साप भासतो तेव्हा साप तिथे नसतो, तरी पाय मागे येतो. जे नाही त्याच्याविषयी मनात काहीतरी असल्याखेरीज हे घडणार कसं?

प्रतिरूप चित्रासारखंच असावं लागतं, असंही नाही. काही माणसांना मिटल्या डोळ्यांपुढे एकही चित्र दिसत नाही. या स्थितीला अफँटेझिया हे नाव २०१५ मध्ये मिळालं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या परंपरेत मानसपूजेला मोठं स्थान आहे. ती करताना मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहत नाही म्हणून कुणी खंतावत असेल, तर त्याने स्वतःला उणं समजू नये. अशी माणसं आठवतात, योजना आखतात, चित्रंही काढतात. विचाराला चित्र लागतंच असं नाही.

दुसरा गैरसमज : आत बसून ही प्रतिरूपं कुणीतरी पाहतं. मग त्या पाहणाऱ्याच्या डोक्यात आणखी एक पाहणारा लागेल, आणि ही रांग कधी संपणारच नाही. मेंदूत असा प्रेक्षक नाही. एका भागातली माहिती दुसरा भाग वापरतो, एवढंच.

‘हे सगळं तत्त्वज्ञांचं बोलणं, पुरावा कुठे आहे?’ हा आक्षेप मात्र आता टिकत नाही. उंदीर भुलभुलैयातून वाट काढताना नुसती वळणं पाठ करत नाहीत, मनात नकाशा बांधतात, असं एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडलं. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पसमध्ये, विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने जागेची जणू जाळी आखणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९९४ चं निरीक्षण : दिवसा ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्या उंदीर झोपल्यावरही पुन्हा एकत्र चेतत होत्या. उंदीर त्या वाटेवर नव्हता, पण वाट त्याच्या मेंदूत होती.

ही चर्चा पश्चिमेतून आली, हाही गैरसमजच. बाह्य वस्तू थेट कळत नाही, ज्ञानात उमटलेल्या आकारावरून तिचं अनुमान होतं, असं सौत्रान्तिक बौद्ध म्हणत. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणत, ज्ञानाला स्वतःचा आकार नाही. दिसते ती वस्तूच.

वाद आजही मिटलेला नाही. प्रतिरूपांवाचूनही हुशार वागणं शक्य आहे, असं रॉडनी ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये आपल्या रोबोंच्या आधारे मांडलं. भिंत चुकवण्यापुरतं ते पटतं. पण जालन्याचा मोसंबी बागायतदार आंबे बहारासाठी हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडून ताण देतो, तेव्हा ज्या फळासाठी हे चाललंय त्याचं फूलही अजून उमललेलं नसतं. समोर नसलेल्या गोष्टीसाठी केलेली अशी कृती प्रतिरूपाशिवाय कशी उलगडायची, याचं समाधानकारक उत्तर मला तरी त्या बाजूकडे दिसत नाही.