ग्राफिक्स कार्ड व मॉनिटर यांची सुसंगती

संगणकातील प्रतिमाविषयक माहितीचे पडद्यास योग्य अशा विद्युत् संदेशांत रूपांतर करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड (आलेखिकी पत्रक) आणि त्या संदेशांवरून प्रत्यक्ष चित्र उमटविणारे साधन म्हणजे मॉनिटर होय. कार्डाकडून निघणारा संदेश मॉनिटरला स्वीकारता येतो किंवा नाही, हे पाहणे म्हणजे या दोहोंची सुसंगती तपासणे होय. ही तपासणी मुख्यतः चार बाबींची असते : जोडणीची खोबण, संदेशाचा प्रकार, चित्रबिंदूंची संख्या व चित्र दर सेकंदास नव्याने रेखाटण्याची कंप्रता (रिफ्रेश रेट), आणि केबलची वहनक्षमता. खोबणीत प्लग बसला की सुसंगती सिद्ध झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही, हे या विषयाच्या इतिहासावरूनच दिसून येते.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकाबरोबर दोन प्रकारची कार्डे बाजारात आणली. एमडीए हे एकरंगी कार्ड ७२० × ३५० बिंदूंचे होते व त्याची आडव्या रेषांची कंप्रता सु. १८.४ किलोहर्ट्झ होती; सीजीए या रंगीत कार्डाची हीच कंप्रता सु. १५.७ किलोहर्ट्झ होती. १९८४ मध्ये आलेल्या ईजीए कार्डाच्या ६४० × ३५० बिंदूंच्या चित्रासाठी ती सु. २१.८ किलोहर्ट्झ झाली. या तिन्ही कार्डांची खोबण मात्र ९ पिनांची व एकसारखीच होती. त्यामुळे एका कार्डाचा मॉनिटर दुसऱ्यास सहज जोडता येई, पण चित्र उमटेलच असे नसे. ऋण किरण नलिकेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉन शलाका आडवी फिरविणारे मंडल ठराविक कंप्रतेसाठीच योजलेले असे आणि नलिकेस लागणारा उच्च विद्युत् दाबही त्याच मंडलातून मिळे. भलत्याच कंप्रतेचा संदेश मिळाल्यास चित्र विस्कटे. एवढेच नव्हे, तर काही मॉनिटरांचे मंडल तापून निकामी होण्याचा धोका असे.

१९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए कार्डाने १५ पिनांची खोबण, सदृश (ॲनालॉग) संदेश व ३१.५ किलोहर्ट्झ कंप्रता रूढ केली. त्याच सुमारास अनेक कंप्रतांशी जुळवून घेणारे मॉनिटरही प्रचारात आले. पुढे डीव्हीआय (१९९९), एचडीएमआय (२००२) व डिस्प्लेपोर्ट (२००६) या अंकीय जोडण्या आल्या.

देवनागरी लिपीचा प्रश्न : मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळी बाजू आहे. सुरुवातीच्या कार्डांत अक्षरांचे आकार कार्डावरील स्मृतीतच कायमचे कोरलेले असत आणि त्यांची संख्या २५६ असे. सीजीए कार्डात एका अक्षराला ८ × ८ बिंदूंचा चौकोन मिळे. रोमन लिपीस तो पुरेसा होता. परंतु शिरोरेषा, तिच्यावरील मात्रा व अनुस्वार, खालचे उकार आणि जोडाक्षरे एवढ्या जागेत मांडणे अशक्यप्राय होते. म्हणजे कार्ड व मॉनिटर परस्परांशी सुसंगत असूनही दोन्ही लिपीशी विसंगत होते. यावर उपाय म्हणून ‘जिस्ट’ कार्ड निर्माण झाले. त्याचे मूळ संशोधन कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले व पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) त्याचा प्रसार केला. संगणकात हे जादा कार्ड बसविल्यावर इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही भारतीय लिपी पडद्यावर दिसू लागली. पुढे अक्षरे रेखाटण्याचे काम आज्ञावलीकडेच गेल्याने अशा कार्डाची गरज उरली नाही.

तपासणीची पद्धती : प्रथम दोन्ही साधनांवरील खोबणी पाहाव्यात. आधुनिक कार्डांवर बहुधा व्हीजीए खोबण नसते; जुन्या मॉनिटरला किंवा शाळेतील जुन्या प्रक्षेपकाला मात्र तीच असते. अंकीय संदेशाचे सदृश संदेशात रूपांतर करण्यासाठी साधी तार चालत नाही. विद्युत् मंडल असलेला रूपांतरक लागतो. डीव्हीआय-आय खोबणीतून दोन्ही प्रकारचे संदेश मिळतात, तर डीव्हीआय-डी खोबणीतून केवळ अंकीय मिळतो. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणे बहुधा साध्या जोडतुकड्याने साधते. उलट दिशेने जाण्यास मात्र मंडलयुक्त रूपांतरक आवश्यक असतो.

यानंतर वहनक्षमतेचा हिशेब करावा. १,९२० × १,०८० बिंदूंचे चित्र सेकंदास ६० वेळा पाठविताना रेषांमधील मोकळा काळ धरून २,२०० × १,१२५ × ६०, म्हणजे १४.८५ कोटी बिंदू दर सेकंदास जातात. एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६.५ कोटी असल्याने हे चित्र तीतून जाते. ३,८४० × २,१६० बिंदूंच्या चित्रास याच कंप्रतेने ५९.४ कोटी बिंदू लागतात. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४ कोटी असल्यामुळे तेथे कंप्रता ३० हर्ट्झवर आणावी लागते. ६० हर्ट्झसाठी २.० ही २०१३ ची आवृत्ती कार्ड, केबल व मॉनिटर या तिन्ही ठिकाणी असावी लागते. तिघांपैकी जो सर्वांत दुबळा, त्याचीच मर्यादा संपूर्ण जोडणीस लागू होते.

मॉनिटर आपली क्षमता स्वतःच कार्डास कळवितो. १९९४ पासून प्रचारात आलेल्या ईडीआयडी या मानकानुसार १२८ बाइटांच्या मूळ नोंदीत उत्पादक, पडद्याचे आकारमान व चालणाऱ्या कंप्रता नमूद असतात. केबल सदोष असल्यास किंवा मधला रूपांतरक ही नोंद पुढे जाऊ देत नसल्यास कार्ड कमी बिंदूंचे चित्र पाठविते. अशा वेळी मॉनिटर बिघडला असे समजून तो बदलण्यापूर्वी केबल बदलून पाहणे इष्ट असते.

व्यावहारिक महत्त्व : अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील औद्योगिक क्षेत्रात प्रत्येकी २७० मेगॅवॉटचे पाच संच असलेले औष्णिक विद्युत् केंद्र व कापडाचे कारखाने आहेत. औष्णिक केंद्रांच्या नियंत्रणकक्षांत बाष्पित्र व टरबाइन यांची स्थिती अनेक पडद्यांवर एकाच वेळी पाहावी लागते. तेव्हा कार्डावर खोबणी किती, यापेक्षा ते एकाच वेळी किती मॉनिटर चालवू शकते हे महत्त्वाचे ठरते. संदेश दुभागणाऱ्या साध्या जोडणीने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. कापडावरील छपाईचे आराखडे करताना रंगांच्या छटा महत्त्वाच्या असतात. कार्ड प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ पायऱ्या पाठविण्याऐवजी दूरचित्रवाणीच्या रीतीने १६ ते २३५ एवढ्याच पाठवीत असेल आणि मॉनिटर पूर्ण पल्ल्याची अपेक्षा करीत असेल, तर काळा रंग करडा दिसतो. येथे चित्र दिसते, पण खरे दिसत नाही.

सध्याचे मॉनिटर स्वीकारण्याजोगा नसलेला संदेश आल्यास तशी सूचना दाखवून पडदा कोरा ठेवतात. त्यामुळे पूर्वीसारखी हानी सहसा होत नाही. तथापि गैरसमजुतीने घेतलेल्या कार्डाचा वा मॉनिटरचा खर्च वाया जातो. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही साधनांच्या माहितीपुस्तिकांतील खोबणी, आवृत्ती, बिंदूसंख्या व कंप्रता हे तपशील शेजारी ठेवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.