मुंगी किती एचपीची?

आमच्या हदगावच्या शिवारात कुणालाही विचारा, "विहिरीवर मोटर केवढी?" लगेच उत्तर येतं, "पाच एचपीची." एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, आपल्या पुस्तकातली अश्वशक्ती. घरातल्या बल्बवर मात्र वॅट लिहिलेले असतात. ही दोन्ही मापं एकाच गोष्टीची. काम किती वेगानं होतं, हे ती सांगतात. त्यालाच शक्ती म्हणायचं. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

एकदा सातवीच्या वर्गात मी हेच शिकवत होतो. खिडकीशेजारून मुंग्यांची रांग भिंतीवर चढत होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मुंगी किती एचपीची असंल?" सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र प्रश्न आवडला. म्हटलं, चला, काढूच!

आधी वॅट समजून घेऊ. १०० ग्रॅमचा पेरू १ मीटर वर उचलला, की साधारण १ ज्यूल काम होतं. ते १ सेकंदात केलं, तर शक्ती झाली १ वॅट. आता मुंगी घ्या. तिचं वजन ५ मिलिग्रॅम धरू आणि ती सेकंदाला १ सेंटिमीटर चढते असं समजू. १०० ग्रॅम म्हणजे १ लाख मिलिग्रॅम. म्हणजे मुंगीचं वजन पेरूच्या २० हजाराव्या भागाएवढं. चढते तीसुद्धा मीटरचा शंभरावा भाग. २० हजार गुणिले १०० म्हणजे २० लाख. म्हणून मुंगीची शक्ती १ वॅटचा २० लाखावा भाग! (हा हिशोब फक्त स्वतःचं वजन वर नेण्याचा आहे बरं का.)

कापूस आपण क्विंटलात मोजतो, पण सोनं ग्रॅममध्ये. तसंच इतक्या छोट्या शक्तीला छोटं माप हवं. वॅटचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॅट. त्याचा हजारावा भाग मायक्रोवॅट, त्याचा नॅनोवॅट, मग पिकोवॅट आणि मग फेम्टोवॅट. प्रत्येक पायरी हजारानं खाली. मायक्रोवॅट हा वॅटचा १० लाखावा भाग, म्हणून आपली मुंगी झाली अर्ध्या मायक्रोवॅटची.

जुन्या पुस्तकांत 'अर्ग' नावाचं आणखी एक माप सापडतं. १ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग. म्हणजे १ मायक्रोवॅट बरोबर सेकंदाला १० अर्ग. मुंगीचे झाले सेकंदाला ५ अर्ग. मग मुलांना पटावं म्हणून मी ५ अर्गचे परत मायक्रोवॅट करायला घेतले, आणि घाईत १० नं भागायच्या ऐवजी गुणलं! फळ्यावर लिहिलं, ५० मायक्रोवॅट. वर्गानं निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. पण एक मुलगी उठली. म्हणाली, "गुरुजी, उलटं झालं की! पैशांचे रुपये केले की आकडा कमी होतो. अर्ग तर बारीक माप, मग मायक्रोवॅटचा आकडा वाढला कसा?"

तिचंच बरोबर होतं. मी फळा पुसला आणि ०.५ लिहिलं. मोठ्या मापाकडे जाताना आकडा लहान होतो, लहान मापाकडे जाताना मोठा. एवढं ध्यानात ठेवलं तर गुरुजींची चूकसुद्धा सापडते!

मग एचपीचं उत्तर निघालं. १ अश्वशक्तीला मुंग्या लागतील १४९ कोटी २० लाख. विहिरीवरच्या मोटरीला ७४६ कोटी!

मुलांना वाटलं, मुंगीहून कमी शक्ती कोण कशाला मोजेल? पण हे काम आपल्याच महाराष्ट्रात चालतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गावी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं तो उभा राहिला. त्याच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. या लहरी इतक्या क्षीण असतात, की त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांनी वेगळंच माप ठरवलं, जान्स्की. आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरी पहिल्यांदा ओळखणाऱ्या कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनियरचं हे नाव. १ जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला किती वॅट? दशांश चिन्हापुढे २५ शून्यं आणि मग १!

एका अँटेनाचं तोंड सुमारे १,५९० चौरस मीटरचं. ३ कोटी २० लाख हर्ट्झचा पट्टा धरला आणि तोंडावर पडलेलं सगळं गोळा झालं असं मानलं, तरी १ जान्स्कीच्या स्रोताकडून मिळते फक्त अर्धा फेम्टोवॅट. म्हणजे मुंगीच्या शक्तीचा १०० कोटीवा भाग! इथं एक शून्य इकडचं तिकडं झालं, तर त्या दीर्घिकेचं तेज दहापट चुकायचं. म्हणून मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा त्या मुलीसारखंच आधी विचारतात, आकडा वाढायला हवा की कमी व्हायला?

आता तुमची पाळी. एक मनगटी घड्याळ २ मायक्रोवॅटवर चालतं असं धरा. सेकंदाला किती अर्ग झाले? आणि आपल्या किती मुंग्यांची ताकद त्याला पुरेल? आधी आकडा वाढणार की घटणार ते सांगा, मगच पेन्सिल उचला.

(उत्तर : २० अर्ग, ४ मुंग्या.)