अंतराधारित रस्ता शुल्क

अंतराधारित रस्ता शुल्क म्हणजे वाहनाने सार्वजनिक रस्त्यांवर कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाहनमालकाकडून घेतले जाणारे शुल्क होय. पेट्रोल व डिझेलवरील कराला पर्याय किंवा पूरक म्हणून ते आकारले जाते. पथकर हा विशिष्ट रस्ता, पूल किंवा बोगदा वापरल्याबद्दल द्यावा लागतो. हे शुल्क मात्र रस्त्यांच्या संपूर्ण जाळ्यावरील प्रवासासाठी असते. न्यूझीलंडमध्ये डिझेल वाहनांसाठी ही पद्धत १९७८ पासून अमलात आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०१५ मध्ये हलक्या वाहनांसाठी ती ऐच्छिक स्वरूपात सुरू केली.

पार्श्वभूमी

ओरेगनने १९१९ मध्ये पेट्रोलवर दर गॅलनमागे १ सेंट कर बसवला. असा कर लावणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. जो अधिक वाहन चालवतो तो अधिक इंधन जाळतो आणि त्यामुळे रस्त्यांच्या खर्चाचा अधिक वाटा उचलतो, हे या करामागील तत्त्व होते. हा कर प्रत्येक वाहनमालकाकडून नव्हे, तर मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडून गोळा होत असल्याने त्याच्या वसुलीचा खर्च अल्प होता व करचुकवेगिरीस वाव कमी होता.

वाहनांची इंधनक्षमता वाढत गेली, तसा इंधन व अंतर यांचा हा संबंध सैल झाला. विद्युत वाहनांनी तो पूर्णपणे तोडला. त्यातच अनेक ठिकाणी कराचे दर महागाईच्या प्रमाणात वाढले नाहीत. अमेरिकेच्या संघीय सरकारचा पेट्रोलवरील कर १९९३ पासून दर गॅलनमागे १८.४ सेंट इतकाच आहे. या करावर मुख्यतः अवलंबून असलेल्या महामार्ग विश्वस्त निधीला २००८ पासून सर्वसाधारण महसुलातून वेळोवेळी रक्कम द्यावी लागली आहे.

ओरेगनमधील प्रयोग

ओरेगनच्या विधिमंडळाने २००१ मध्ये इंधन कराला पर्याय शोधण्यासाठी कृतिदल नेमले. २००६-०७ मध्ये पहिली प्रायोगिक चाचणी झाली. २०१३ मध्ये कायदा संमत होऊन १ जुलै २०१५ रोजी ‘ओरेगो’ ही योजना सुरू झाली. सुरुवातीचा दर मैलामागे १.५ सेंट होता. सहभागी वाहनाने भरलेला राज्याचा इंधन कर या शुल्कातून वजा केला जातो.

२०२४ मध्ये राज्याचा पेट्रोलवरील कर गॅलनमागे ४० सेंट, तर ओरेगोचा दर मैलामागे २ सेंट होता. गॅलनमागे २० मैल धावणारी मोटार इंधन करातून मैलामागे २ सेंटच देते. तिच्या मालकाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्या ठरतात. ४० मैल धावणारी मोटार इंधन करातून मैलामागे १ सेंट देते, तर विद्युत मोटार काहीच देत नाही. त्यामुळे शुल्क अंतरावर आधारल्यास भार काटकसरी वाहनांकडे सरकतो आणि जुन्या, अधिक इंधन लागणाऱ्या वाहनांचा भार हलका होतो.

न्यूझीलंडमधील पद्धत

न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवर विक्रीच्या वेळीच कर घेतला जातो. डिझेलचा मोठा वापर शेतीची यंत्रे, नौका अशा रस्त्याबाहेरील कामांसाठी होत असल्याने त्यावर तसा कर न लावता डिझेल वाहनांसाठी अंतरानुसार शुल्क ठेवण्यात आले. मालक १,००० किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ विकत घेतो. हलक्या वाहनांचे अंतर ओडोमीटरवरून, तर बहुतेक अवजड वाहनांचे चाकाच्या तुंब्यावर बसवलेल्या मापकावरून पाहिले जाते. वाहन कोठे गेले हे नोंदवण्याची गरज त्यात नसते.

अवजड वाहनांचा दर वजन व आसांची संख्या यांनुसार बदलतो. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे अभियांत्रिकीत मानले जाते. म्हणजे भार दुप्पट झाल्यास झीज सुमारे १६ पट होते. इंधनाचा खप तेवढ्या प्रमाणात वाढत नसल्याने इंधन करात हा फरक उमटत नाही. विद्युत वाहनांना पूर्वी असलेली सूट संपून १ एप्रिल २०२४ पासून हलक्या विद्युत वाहनांना १,००० किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर शुल्क लागू झाले.

आक्षेप

उपग्रहाद्वारे स्थान टिपणाऱ्या यंत्रांमुळे नागरिकांच्या हालचालींवर पाळत राहील, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहे. ओरेगनच्या कायद्याने स्थानविषयक नोंदी शुल्काचा व्यवहार पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत नष्ट करण्याचे बंधन घातले आणि स्थान न टिपणाऱ्या यंत्राचा पर्यायही ठेवला. मात्र स्थानाची नोंद नसल्यास राज्याबाहेरील किंवा खासगी रस्त्यावरील प्रवास आपोआप वगळता येत नाही.

ग्रामीण भागातील लोकांना लांब पल्ल्याचा प्रवास करावा लागत असल्याने त्यांच्यावर अन्याय होईल, असाही आक्षेप घेतला जातो. परंतु जुनी व मोठी वाहने वापरणारे ग्रामीण चालक इंधन करातून आजही मैलामागे अधिक रक्कम देत असतात. प्रत्येक वाहनाचे स्वतंत्र खाते ठेवावे लागल्याने वसुलीचा खर्च वाढतो. तसेच सरसकट एकच दर ठेवल्यास कमी प्रदूषण करणारे वाहन घेण्याचे इंधन करामुळे मिळणारे प्रोत्साहन क्षीण होते.

घटनात्मक वाद

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै २०२१ पासून विद्युत वाहनांवर किलोमीटरमागे २.५ ऑस्ट्रेलियन सेंट शुल्क आकारले. हे शुल्क अबकारी कराच्या स्वरूपाचे असून असा कर लावण्याचा अधिकार केवळ संघीय संसदेला आहे, असा निर्णय देऊन तेथील उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी संबंधित कायदा अवैध ठरवला.

भारत

भारतात इंधनावर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्यांचा मूल्यवर्धित कर आकारला जातो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ यांत दुरुस्ती करून उपग्रहाधारित यंत्रणेद्वारे महामार्गावर प्रत्यक्ष कापलेल्या अंतरानुसार शुल्क घेण्याची तरतूद केली. ही तरतूद पथकराच्या वसुलीपुरती असून तिने इंधनावरील कर रद्द झालेले नाहीत.