र्‍योकानमधील पाहुणा

परदेशी निघालेल्या मनुष्याने मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न सामान्यतः दोन गोष्टी पाहून सुटतो. खर्च परवडेल काय, आणि सोय होईल काय? जपानमध्ये मात्र आणखी एक विचार करावा लागतो. आपल्याला तेथे ग्राहक म्हणून राहावयाचे आहे की पाहुणा म्हणून? ग्राहक म्हणून राहावयाचे असेल, तर पाश्चात्त्य धर्तीची हॉटेले तेथे हवी तेवढी आहेत. पाहुणा म्हणून राहण्याची हौस असेल, तर पायऱ्या चढाव्या त्या 'र्‍योकान'च्या. 'र्‍यो' म्हणजे प्रवास आणि 'कान' म्हणजे वास्तू. प्रवाशांसाठी बांधलेली वास्तू, एवढाच या शब्दाचा साधा अर्थ आहे. शासकीय कामानिमित्त जपानमध्ये काही दिवस राहण्याचा योग मला आला आणि त्यांतील काही रात्री अशा वास्तूंत गेल्या. तेथील रीतिभाती आणि त्यांमागची कारणे यांविषयी आज थोडे सांगावे, असा विचार आहे.

अतिथीला देव मानावे, असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाने यजमानाला केला आहे. अतिथीने कसे वागावे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. र्‍योकानची सारी व्यवस्था या दुसऱ्या बाजूवर उभी आहे. तेथे यजमानाला जसे कर्तव्य असते, तसेच पाहुण्यालाही असते, आणि पाहुण्याने आपले कर्तव्य सांभाळले तरच यजमानाला आपले कर्तव्य पार पाडता येते.

ही संस्था एका दिवसात निर्माण झालेली नाही. सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी सरदारांवर वचक ठेवण्यासाठी एक नियम केला. १६३५ साली तो लेखी स्वरूपात आला. त्या नियमान्वये सरदाराने आलटूनपालटून काही काळ एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योत, आणि काही काळ आपल्या जहागिरीत राहावयाचे, आणि कुटुंब मात्र कायमचे एदोतच ठेवावयाचे. साहजिकच मोठमोठ्या लवाजम्यांची वर्दळ रस्त्यांवर सुरू झाली. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो नावाच्या राजमार्गावर ५३ टप्पे होते. प्रत्येक टप्प्यावर सरदारांसाठी 'होंजिन' आणि सामान्य वाटसरूंसाठी 'हातागो' अशी मुक्कामाची घरे उभी राहिली. हातागोमध्ये जेवणासह मुक्काम मिळे. त्याहून गरीब प्रवासी 'किचिन्‌यादो'मध्ये उतरत. तेथे सरपणाचे पैसे द्यावयाचे आणि जवळचा शिधा स्वतः शिजवून घ्यावयाचा. आपल्याकडील धर्मशाळांत उतरणाऱ्या यात्रेकरूंना ही पद्धत मुळीच अपरिचित वाटणार नाही. आजच्या र्‍योकानचे थेट नाते हातागोशी आहे. म्हणूनच तेथील दर आजही बहुधा खोलीचा नसतो, तो माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते.

राजमार्गाप्रमाणेच उष्णोदकाचे झरे हाही या संस्थेचा मोठा आधार. ज्वालामुखींच्या त्या देशात असे हजारो झरे आहेत. जपानी लोक त्यांना 'ओन्सेन' म्हणतात. यामानाशी प्रांतातील केइउन्‌कान हे र्‍योकान इ. स. ७०५ मध्ये स्थापन झाले असे सांगतात, आणि जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस पुस्तकात त्याची नोंद आहे. इशिकावा प्रांतातील होशी र्‍योकानची परंपरा इ. स. ७१८ पासून सांगितली जाते. त्या घराण्याच्या ४६ पिढ्यांनी तो एकच व्यवसाय चालविला.

आता प्रत्यक्ष मुक्कामाकडे वळू. र्‍योकानमध्ये दुपारी तीननंतर प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खोली सोडावयाची असते. दाराशी 'गेंकान' नावाची सखल जागा असते. तेथे जोडे काढून उंच फळीवर पाय ठेवावयाचा आणि घरच्या सपाता घालावयाच्या. खोलीच्या उंबरठ्यापाशी त्याही काढावयाच्या, कारण आत जमिनीभर 'तातामी' अंथरलेली असते. शौचकूपासाठी निराळ्या सपाता असतात. त्या तेथेच घालावयाच्या आणि तेथेच सोडावयाच्या. वरवर पाहता हे सोवळ्याओवळ्याचे स्तोम वाटते. परंतु तातामी म्हणजे काय, हे समजले की त्याचा उलगडा होतो. इगुसा नावाच्या लव्हाळ्याची विणलेली चटई घट्ट दाबलेल्या पेंढ्यावर बसविली की तातामी होते. तिची लांबी सुमारे १८० सेंटीमीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी. सहा तातामींची खोली, आठ तातामींची खोली, असे खोलीचे मापही तिच्यावरूनच सांगतात. तीच आपली बैठक, तिच्यावरच भोजनाचे चौरंगवजा मेज आणि रात्री तिच्यावरच अंथरूण. ज्या जमिनीवर जेवावयाचे आणि निजावयाचे, तिच्यावर रस्त्यावरची धूळ येऊ नये, हे आपल्यासारख्या पाटावर जेवणाऱ्या आणि सतरंजीवर निजणाऱ्या लोकांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

खोलीत शिरल्यावर प्रथम जाणवते ती तिची रिक्तता. पलंग नाही, कपाटांची गर्दी नाही. एका बाजूला 'तोकोनोमा' नावाचा किंचित उंच कोनाडा, त्यात ऋतूला साजेसे एक चित्र किंवा सुलेखनाचा पट आणि एखादे फूल. मानाच्या पाहुण्याला या कोनाड्याकडे पाठ करून बसवितात. त्यामागची कल्पना अशी की, फुलाची आणि चित्राची शोभा पाहुण्याच्या मागे उभी राहावी. या कोनाड्यात सामान ठेवणे किंवा त्यात बसणे अगदी अशिष्ट समजले जाते. आपण बसतो न बसतो तोच 'नाकाई', म्हणजे आपल्या खोलीची व्यवस्था पाहणारी परिचारिका, गुडघे टेकून सरकते दार उघडते आणि हिरवा चहा व गोड वडी पुढे ठेवते. जेवणाची वेळ, स्नानगृहाची जागा, संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग या गोष्टी ती याच वेळी सांगते.

खोलीत 'युकाता' नावाचा सुती झगा ठेवलेला असतो. तो घालताना डावी बाजू उजव्या बाजूवर आली पाहिजे. याच्या उलट प्रकार फक्त मृताला वस्त्र नेसविताना करतात, म्हणून या बाबतीत जपानी मनुष्य फार काटेकोर असतो. हा झगा घालून भोजनाला जावे, बागेत हिंडावे, ओन्सेनच्या गावात तर रस्त्यानेही फिरावे. मोठा अधिकारी असो वा लहान दुकानदार, सारे एकाच वेषात! हुद्द्याची जाणीव अंगावर वागविणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांना तर हा अनुभव विशेष आरोग्यदायी आहे.

स्नान हा मुक्कामाचा गाभा. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे निराळी असतात, पण आत संकोच बाजूला ठेवावा लागतो, कारण वस्त्र घालून पाण्यात उतरण्याची मुभा नाही. कुंडाबाहेर लहान चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, साबणाचा अंशही उरू देऊ नये आणि मगच सुमारे ४० ते ४२ अंशांच्या ऊन पाण्यात सावकाश उतरावे. जवळचा लहान पंचा पाण्यात बुडवावयाचा नसतो. तो काठावर किंवा डोक्यावर घडी घालून ठेवतात. मळ बाहेर टाकावयाचा आणि शीण कुंडात टाकावयाचा, अशी ही विभागणी आहे. तेच पाणी आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीही आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. पहारेकरी कोणी नसतो. प्रत्येकाने नियम पाळला तरच ते पाणी सर्वांना सुखकर राहते.

भोजनाची वेळ ठरलेली असते आणि ती चुकविणे योग्य नव्हे, कारण पदार्थ एकामागून एक त्या त्या क्षणी तयार होऊन येतात. या भोजनाला 'काइसेकी' म्हणतात. चहाच्या समारंभापूर्वी दिले जाणारे हलके जेवण आणि मेजवानीतील भोजन या दोहोंसाठी जपानीत हाच उच्चार आहे, फक्त लिपी निराळी. पहिल्या शब्दाचा अर्थ 'उराशी धरलेला दगड' असा आहे. भूक मारण्यासाठी झेन भिक्षू ऊन दगड पोटाशी धरीत, त्यावरून तो आला. निवळ सार, कच्च्या मासळीचे काप, शिजविलेल्या भाज्या, भाजलेला पदार्थ असे क्रमाने येते आणि भात, मिसोचे सार व लोणचे ही अगदी शेवटी, आपल्याकडील दहीभातासारखी. कोणते भांडे कोणत्या ऋतूत वापरावे, याचाही विचार झालेला असतो.

येथे शाकाहारी श्रोत्यांना एक सूचना करणे अवश्य आहे. जपानी पाकक्रियेचा पाया 'दाशी' नावाच्या अर्कावर आहे, आणि तो बहुधा कोंबू हे समुद्रशेवाळ व सुकवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचा कीस यांपासून करतात. ताटात मासळीचा तुकडा दिसला नाही, तरी साऱ्यात आणि भाजीत तिचा अर्क असतोच. म्हणून 'मी मांस खात नाही' एवढे म्हणून भागत नाही. दाशीही चालत नाही, हे स्थान निश्चित करतानाच स्पष्ट कळवावे. ऐनवेळी सांगितल्यास स्वयंपाकघराची तारांबळ होते, आणि यजमानाला नाही म्हणण्याची पाळी येते. तिकडे ही गोष्ट फार लाजिरवाणी मानतात.

ज्यांना हा प्रश्न मुळातच टाळावयाचा आहे, त्यांच्यासाठी एक उत्तम पर्याय आहे. वाकायामा प्रांतातील कोया पर्वतावर कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात शिंगोन पंथाचे पीठ स्थापिले. तेथील सुमारे ५० मंदिरांत प्रवाशांची राहण्याची सोय होते. खोली र्‍योकानसारखीच, परंतु भोजन 'शोजिन र्‍योरी', म्हणजे भिक्षूंचे निरामिष अन्न. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या मराठी गृहिणीलाही ते सहज चालावे. पहाटेच्या उपासनेत 'गोमा' नावाचा अग्निविधी होतो. तो शब्द म्हणजे आपला 'होम'च होय. तेथील पवित्र बीजाक्षरे भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीत लिहिलेली असतात. २०१५ साली कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला गेला, तेव्हापासून या पर्वताशी महाराष्ट्राचे नाते अधिकच जवळचे झाले आहे.

भोजन आटोपून यावे तो खोलीचे शयनगृह झालेले असते. मेज बाजूला सरकलेले आणि भिंतीतील कपाटातून काढलेले 'फुतोन' तातामीवर अंथरलेले. सकाळी तेच पुन्हा घडी होऊन आत जाते. एका खोलीचे हे तीन अवतार डोळ्यांना मोहक वाटतात. परंतु प्रत्येक अवतारामागे कोणाची तरी कंबर वाकलेली असते, हे विसरता कामा नये. या साऱ्या श्रमांची सूत्रे 'ओकामी', म्हणजे गृहस्वामिनी, सांभाळते. पाहुण्याचे स्वागत तीच करते आणि निरोपाच्या वेळी गाडी दिसेनाशी होईपर्यंत दाराशी उभी राहते तीही तीच. येथे बक्षिशीची प्रथा नाही. सेवेचे मूल्य दरातच धरलेले असते.

अशा या संस्थेचे आज काय चालले आहे? १९८० च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांहून अधिक र्‍योकान होती. २०१८ पर्यंत ती संख्या ४० हजारांच्या आत आली. मुले शहरांत गेली, पहाटे व रात्री अशा दोन्ही वेळी राबणारी माणसे मिळेनाशी झाली, कंपन्यांच्या मोठमोठ्या सहली आटल्या आणि एकट्या प्रवाशाला स्वस्त हॉटेल सोयीचे वाटू लागले. १९४८ च्या कायद्यात हॉटेल आणि र्‍योकान असे दोन निराळे वर्ग होते. २०१८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ते एक करण्यात आले. म्हणजे सरकारी नोंदवहीत र्‍योकानचा स्वतंत्र रकानाही आता उरलेला नाही. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचे असेलही, पण रकाना गेला की त्या वस्तूची मोजदाद थांबते, आणि मोजदाद थांबली की तिच्या ऱ्हासाची वार्ताही उशिरा कळते, हा माझ्या पेशातील नित्याचा अनुभव आहे.

याउलट परदेशी प्रवाशांचा ओघ वाढतो आहे. २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परकीय जपानमध्ये आले. त्यांच्या सोयीसाठी काही र्‍योकानांनी तातामीवर पलंग मांडले आहेत, तर काहींनी भोजन वगळून केवळ मुक्कामाचा दर ठेवला आहे. या बदलांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला पलंग हवाच, आणि ज्या घराला काळाबरोबर चालता येत नाही ते घर टिकत नाही. मात्र घरातले सारे काही पाहुण्याच्या मर्जीवर सोडले, तर ते हॉटेलच होईल, आणि हॉटेलांची वाण जगात कोठेच नाही. र्‍योकानच्या कागदी दारांतून शेजारच्या खोलीतील कुजबूज ऐकू येते, म्हणून तेथे प्रत्येकजण हळू बोलतो. ही शांतता भिंतींच्या जाडीतून येत नाही. एकमेकांना न ओळखणारी माणसे ती मिळून निर्माण करीत असतात.

म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला जपानला जाण्याची संधी मिळाली, तर निदान एक रात्र र्‍योकानसाठी राखून ठेवा. दर काहीसा अधिक वाटेल, पण त्यात दोन वेळचे भोजन, स्नान आणि अनेक हातांचे श्रम आहेत, हे ध्यानात घ्या. तिन्हीसांजेपूर्वी पोहोचा, आहाराच्या अटी आधी कळवा, जोडे काढा, अंग धुऊन मगच पाण्यात उतरा. एवढे केले की उरलेले सारे यजमानावर निर्धास्तपणे सोपवावे. आपल्याला काय हवे, हे क्षणोक्षणी सांगण्यातून एक रात्र सुटका मिळणे, हाही विश्रांतीचाच एक प्रकार आहे.